दिवे बदलले, बिल तेवढंच : वाचकांचे प्रश्न

यावेळी विषय होता इमारतीतले दिवे आणि विजेची बचत. प्रश्न बरेच आले, काही एकाच प्रकारचे होते ते एकत्र केलेत, काही लांबलचक होते ते कापलेत, राग नसावा.

प्रश्न : ऑफिसातल्या सगळ्या ट्यूब काढून एलईडी पॅनल बसवले तरी बिल म्हणावं तसं उतरलं नाही, वर लोक म्हणतात डोळे दुखतात. पॅनलच खराब आहेत का?

खराब असतीलच असं नाही, पण मोजमाप न करता बसवलेत असं वाटतंय. बहुतेक ठिकाणी होतं काय, की 36 वॉटची ट्यूब काढली आणि तिथंच 36 वॉटचा पॅनल लावला, म्हणजे उजेड वाढला पण वीज जवळपास तेवढीच, फक्त जुना चोक जी वीज खायचा तेवढी वाचली. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो, उजेड किती देतो ते लुमेन सांगतं. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब साधारण 800 लुमेन द्यायचा, आज तेवढं 8-9 वॉटचा एलईडी देतो. तेव्हा खोक्यावर आधी लुमेन बघा, वॉट नंतर.

आता मूळ घोळ. ऑफिसात टेबलावर 500 लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) लागतात असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण *टेबलावर* हा शब्द गाळून लोक पूर्ण हॉलमध्ये 500 लक्स पाडतात, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेवर, कपाटांच्या मागं, सगळीकडे. हिशोब करून बघू. 30 चौरस मीटरची खोली धरा. 500 लक्स गुणिले 30 म्हणजे 15,000 लुमेन टेबलाच्या पातळीवर पोचायला हवेत, पण काही उजेड भिंती-छत खातात आणि दिवे जुने, धुळकट होतात, म्हणून साधारण दुप्पट, 31,000 च्या आसपास बसवावे लागतात. वॉटला 100 लुमेन धरले तर 310 वॉट. याऐवजी छतावरून 200 लक्स घेतले तर 125 वॉटमध्ये भागतं आणि सहा टेबलांवर 6-6 वॉटचे दिवे दिले की वर 36, एकूण 161 वॉट. जवळजवळ निम्मे! आणि जो माणूस जागेवर नाही त्याचा दिवा बंद, ती बचत वेगळीच. अर्थात एसी जोरात चालत असेल तर बिलात दिव्यांचा वाटा मुळातच कमी असतो, त्यामुळे फार मोठ्या आकड्याची अपेक्षा ठेवू नका.

डोळे दुखण्याची कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे चकाकी, पॅनल थेट डोळ्यावर किंवा स्क्रीनवर चमकत असणार, त्याला पॅनल हलवणं नाहीतर टेबल फिरवणं हाच उपाय. दुसरं फ्लिकर. स्वस्तातल्या ड्रायव्हरमध्ये (एलईडीला हवी तशी वीज करून देणारं आतलं सर्किट) उजेड सेकंदाला 100 वेळा (पुरवठा 60 हर्ट्झचा असेल तिथं 120 वेळा) कमीजास्त होत राहतो, डोळ्याला कळत नाही पण काहींचं डोकं दुखतं. दिव्याखाली पेन्सिल भराभर हलवून बघा, सलग धूसर पट्टा न दिसता तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर समजा फ्लिकर आहे आणि दुकानदाराला परत करा.

प्रश्न : रात्री बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मंद पेटलेला राहतो, कधी कधी मिणमिणतो. वीज जाते का?

वीज नगण्य जाते, पण कारण शोधा. बटणात तो छोटा लाल इंडिकेटर आहे का? असेल तर त्याच्यातून बारीकसा करंट बल्बपर्यंत जातच असतो, जुन्या बल्बला तो जाणवायचा नाही पण एलईडीला पुरतो. साधं बटण बसवा, विषय संपला. मात्र इंडिकेटर नसेल तर वायरमनला बोलवाच, कारण काही ठिकाणी बटण फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) न ठेवता न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) टाकलेलं असतं, म्हणजे बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट जिवंत! बल्ब बदलताना हात लागला तर महागात पडेल.

प्रश्न : खोक्यावर 25,000 तास लिहिलंय आणि बल्ब वर्षभरात गेला. फसवणूक ना?

दिवसाला 8 तास धरले तर 25,000 तास म्हणजे साडेआठ वर्षं, त्यामुळे राग येणं साहजिक आहे. पण तो आकडा बहुतेकदा आतल्या एलईडी चिपचा असतो, म्हणजे उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ. त्याआधी मरतो तो बहुतेकदा ड्रायव्हर. त्यात एक कपॅसिटर असतो त्याला उष्णता अजिबात चालत नाही, ढोबळमानाने तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आणि आपण काय करतो, काचेच्या बंद गोळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या बिनहवेच्या खोबणीत बल्ब कोंबतो. मेलेल्या बल्बचं वरचं पांढरं झाकण काढून बघा (होल्डरमधून काढल्यावर हां!), कधी कधी ड्रायव्हर नव्हे तर चिपच गेलेली असते, मग पिवळ्या ठिपक्यांपैकी (त्याच चिप) एकावर काळा डाग दिसेल. बहुतेक बल्बांत सगळे ठिपके एकाच माळेत जोडलेले असतात त्यामुळे एक गेला की अख्खा बल्ब गेला. तेव्हा बंद शेडमध्ये लावायचा असेल तर तसं लिहिलेलाच बल्ब घ्या, आणि शक्यतो ड्रायव्हर वेगळा बदलता येईल असे दिवे बघा, नाहीतर दरवेळी सगळंच कचऱ्यात जातं.

प्रश्न : नवीन इमारत बांधतोय. दिवसा दिवेच लागू नयेत म्हणून एक पूर्ण बाजू काचेची करावी का?

नका करू. असल्या बऱ्याच इमारतींत पुढं काय होतं, तर उन्हाची तिरीप टेबलावर आली की लोक पडदे ओढतात, ते संध्याकाळपर्यंत उघडत नाहीत आणि आत दिवे चालूच. वर काचेतून आलेली उष्णता एसीने बाहेर काढत बसायची.

उजेड आत किती खोल जातो हे खिडकीच्या रुंदीपेक्षा तिच्या वरच्या कडेच्या उंचीवर जास्त ठरतं, साधारण त्या उंचीच्या दीड ते दोन पट. म्हणजे खिडकीची वरची कड अडीच मीटरवर असेल तर चार-पाच मीटर आतपर्यंत बरा उजेड मिळतो, त्यापुढं दिवे लागणारच, म्हणून खोल्या फार खोल ठेवू नका. खिडक्या छताजवळ न्या, खालच्या भागाला पडदा आणि वरचा भाग उघडा, मध्ये एक आडवी फिकट रंगाची फळी दिली तर वरून येणारं ऊन छतावर उडून आत पसरतं. छत पांढरंशुभ्र, भिंती फिकट. इंटिरियरवाले काळपट छत सुचवतात, दिसतं भारी, पण मग तेवढाच उजेड हवा तर दिवे वाढवायला लागतात.

आणि वायरिंग करणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा, कारण प्लास्टर झाल्यावर कोणी ऐकत नाही : दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर आणि प्रत्येक ओळीला वेगळं बटण. हे साधं काम न केल्यामुळे खिडकीजवळ लख्ख ऊन असताना तिथले दिवे चालू असतात, कारण आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याचं बटण तेच असतं. पुढंमागं उजेड बघून आपोआप मंद होणारा सेन्सर लावायचा झाला तरी ओळी वेगळ्या असल्याशिवाय तो नीट काम करत नाही.

प्रश्न : टॉयलेटमध्ये सेन्सर लावला, तर आत बसलेलं असतानाच दिवा जातो. हसू नका, खरंच त्रास आहे.

थोडं हसलो. तुमचा सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपणारा असणार, त्याला पार्टिशनच्या पलीकडचं दिसत नाही आणि शांत बसलेला माणूस कळत नाही. तिथं अल्ट्रासॉनिक (कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरींवर चालणाऱ्या) प्रकारचा लावा किंवा वेळ वाढवून 15-20 मिनिटं करा. जिन्यात मात्र पूर्ण बंद करण्याऐवजी कोणी नसताना 20 टक्क्यांवर मंद होईल असं बघा, अंधारात पहिली पायरी चुकायला नको. केबिनमध्ये दिवा माणसाने लावावा आणि सेन्सरने फक्त बंद करावा, याने जास्त वाचतं, कारण दिवसा बरेच जण लावतच नाहीत.

प्रश्न : पांढरा उजेड घ्यावा की पिवळा? कशात वीज कमी लागते?

फरक किरकोळ आहे, त्यासाठी जिवाला घोर नको. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. कामाच्या जागी 4000 केल्विन, आरामाच्या जागी 2700-3000. 6500 वाला निळसर उजेड जास्त वाटतो म्हणून लोक घेतात, रात्री झोपायच्या खोलीत तरी नको. रंग नीट ओळखायचे असतील, कापड, चित्रं, तपासणीची खोली वगैरे, तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 90 च्या वरचा घ्या, तो वॉटमागे थोडा कमी उजेड देतो पण तिथं ते चालवून घ्यायचं.

प्रश्न : काढलेल्या जुन्या सीएफएल आणि ट्यूबचं काय करू?

त्यात थोडा पारा असतो, रोजच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. आणि एखादी फुटलीच तर आधी खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता जाड कागदाने तुकडे गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरून द्या.