आधी टपालपेटीवर नाव लाव

मित्रा,

'दादा, तीन आठवडे झाले, बँकेचं कार्ड अजून आलं नाही,' असा तुझा मेसेज वाचला आणि मला हसू आलं. रागावू नकोस. मला फक्त एवढं सांग, खाली टपालपेटीवर तुझं नाव लावलं आहेस का?

जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव, झाला पत्ता. पोस्टमन पेटीवर आडनाव शोधतो, सापडलं नाही की पत्र आल्या पावली परत. मी ड्रेस्डेनला आलो तेव्हा एका वेगेत, म्हणजे शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये, खोली घेतली होती. पेटीवर आधीच्या मुलाचंच नाव. माझं विम्याचं पत्र परत गेलं, बँकेचा पिन परत गेला, आणि मी रोज पोस्टाला शिव्या घालत होतो. शेवटी रूममेटने कागदाच्या कपट्यावर माझं आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं. तेही चुकीचं. दोन वर्षं तसंच राहिलं, पत्रं मात्र बिनचूक आली.

हा देश अजून कागदावर चालतो, हे आधी मनाशी मान्य कर. पेटी रोज उघड. पत्र जर्मनमध्ये आहे म्हणून टेबलावर ढीग लावू नकोस. फोनने भाषांतर कर आणि त्यात तारीख कुठे दिली आहे ते शोध. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. 'माझ्याकडे टीव्हीच नाही' म्हणून आपली मुलं ते कचऱ्यात टाकतात आणि पुढे दंडासकट भरतात. टीव्हीशी त्याचा संबंध नाही, ती घरामागे एक असते. तुम्ही तिघं राहता, तर वाटून घ्या. आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, मात्र झालं असेल असं धरतो. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते आणि अपॉइंटमेंट सहजी मिळत नाही. राहिलं असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ते बघ.

पैशांचं फार सांगत नाही. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यात तुझ्या केमनिट्समध्ये नीट भागतं. म्युनिकला गेलेल्या मित्राशी तुलना करू नकोस. पहिल्या सेमिस्टरला नोकरीच्या मागे धावू नये, असं माझं मत आहे. परीक्षेला मात्र वेगळी नोंदणी करावी लागते, वर्गात बसलं म्हणजे झालं असं नाही. ती मुदत आत्ताच कॅलेंडरमध्ये टाक.

फोडणी जपून दे. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म ओरडतो, आणि रात्री दहानंतर ओरडला तर शेजारीणबाई दारात उभी. खिडकी नुसती तिरकी करून ठेवू नकोस. पाच-दहा मिनिटं सताड उघड आणि बंद कर, थंडीतसुद्धा. भिंतीला बुरशी आली की घरमालक डिपॉझिटमधून पैसे कापतो.

आता खरं बोलायचं ते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातील, घराशी अंतर साडेतीनचं साडेचार तास होईल. आई साडेदहाला झोपायला जाईल तेव्हा तुझे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील, आणि डिसेंबरात अंधार पडून दोन तास झालेले असतील. पुढची सगळी रात्र तुझ्या एकट्याची. त्यात रविवारी दुकानं बंद. दूध-ब्रेड शनिवारीच आण, पण रविवारी भेटायला एखादं माणूसही शनिवारीच ठरवून ठेव. मी पहिला हिवाळा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून, आईला समोर बसवून जेवलो. तिला वाटायचं पोरगं मजेत आहे. फेब्रुवारीत दोन विषय राहिले, तेही तिला सांगितलं नाही.

आईला रोज फोन कर, नक्की कर, पण जेवण बाजूला ठेव. दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जा, वर्गातल्या कुणाच्याही ट्रेसमोर ट्रे ठेव. तोडकंमोडकं जर्मन बोल. आपल्या मुलांचा ग्रुप हवाच, गणपतीत मोदक करायला दुसरं कोण येणार? पण चोवीस तास त्यातच राहिलेली मुलं मी बघितली आहेत. तीन वर्षांनीही त्यांची फार्मसीत जायची वेळ आली की सोबत कुणीतरी लागतं.

आणि बरं वाटत नसेल, झोप येत नसेल, तर श्टुडेंटनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेकडे, समुपदेशक असतात. तिथे जायला लाजायचं कारण नाही, मीही गेलो होतो.

येत्या शनिवारी मी केमनिट्सला येतोय. गाडी तासाभराची आहे. गोडा मसाला आणतो, वरण तू कर. खाली बेलवर तुझं नाव दिसलं तर वर येईन, नाही तर डबा घेऊन तसाच परत जाईन.

तुझा,
दादा