कराटे : चिनी हात की रिकामा हात?

प्रश्न असा आहे : ‘क्लासमध्ये कराटे म्हणजे रिकामा हात असं शिकवतात, पण एका ठिकाणी चिनी हात असा अर्थ वाचला. बरोबर कोणता? एकाच काताला (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाला) दोन-दोन नावं का? आणि ही विद्या मुळात भारतातूनच गेली ना?’

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. चिनी हात आधीचा, रिकामा हात नंतरचा. उच्चार तोच राहिला आणि लिहायचं अक्षर बदललं. आपल्याकडे उच्चार लिहिला की शब्द लिहून झाला, त्यामुळे असं काही होऊ शकतं हे चटकन ध्यानात येत नाही. जपानीत चिनी अक्षरं वापरतात आणि बहुतेक अक्षरांचे दोन तरी उच्चार असतात, एक चिनीवरून घेतलेला आणि एक अस्सल जपानी. चीनच्या तांग घराण्याचं अक्षर चिनी वळणाने ‘तो’ आणि जपानी वळणाने ‘कारा’ असं वाचतात. ‘रिकामा’ या अर्थाचं अक्षर चिनी वळणाने ‘कू’ आणि जपानी वळणाने पुन्हा ‘कारा’च! ‘ते’ म्हणजे हात. तेव्हा नुसतं ‘कारा-ते’ ऐकून कोणता हात ते कळायला मार्ग नाही.

मुळात ही विद्या जपानच्या मुख्य बेटांवरची नाही, ओकिनावाची आहे. ओकिनावा म्हणजे जुनं र्युक्यू राज्य. १३७२पासून ते चीनच्या मिंग दरबाराला नजराणा पाठवत असे, फूचौ बंदराशी त्याची सतत ये-जा होती आणि ओकिनावातल्या नाहा शहराजवळच्या कुमे वस्तीत चिनी कुटुंबं राहत. १८७९मध्ये जपानने हे राज्य खालसा केलं. स्थानिक लोक या विद्येला नुसतं ‘ती’, म्हणजे हात, म्हणत, नाहीतर ‘तोदी’, म्हणजे तांग हात. साकुगावा नावाचे १८व्या शतकातले गुरू ‘तोदी साकुगावा’ म्हणूनच ओळखले जात. १९व्या शतकात हिगाओन्ना कानर्यो हे गुरू फूचौला राहून शिकून आले. चीनशी नातं सांगणं हा त्या काळी मान होता, लपवायची गोष्ट नव्हती.

अक्षरबदलाचं श्रेय सरसकट फुनाकोशी गिचिन या ओकिनावाच्या गुरूंना दिलं जातं, ते पूर्ण खरं नाही. ओकिनावातच हानाशिरो चोमो यांनी १९०५मध्ये ‘रिकामा’वालं अक्षर वापरलं होतं. फुनाकोशींनी १९२२मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक केलं, त्याच वर्षी पुस्तक लिहिलं, आणि त्यात तांगचंच अक्षर होतं. १९३५च्या त्यांच्या पुस्तकात मात्र ‘रिकामा’ आलं. मधल्या काळात जपानने चीनचा मांचुरिया प्रांत घेतला होता, चीनशी वैर वाढत होतं आणि जपानी युद्धकलांच्या पंक्तीत बसायचं तर चिनी नाव अडचणीचं होतं. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने नाहात बैठक भरली. मियागी चोजुन, क्यान चोतोकू, मोतोबू चोकी आणि स्वतः हानाशिरो अशी मोठी मंडळी जमली आणि नव्या अक्षरावर शिक्कामोर्तब झालं. ओकिनावात आज २५ ऑक्टोबर हाच कराटे दिन आहे.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती पुढेच आहे. फुनाकोशींनी ‘रिकामा’चा अर्थ केवळ निःशस्त्र एवढाच ठेवला नाही. त्यांनी ‘रूपं शून्यता शून्यतैव रूपम्’ या प्रज्ञापारमिताहृदय नावाच्या बौद्ध सूत्रातल्या वचनाचा आधार घेतला. चिनी अनुवादकांनी संस्कृत ‘शून्यता’साठी जे अक्षर योजलं होतं, तेच हे अक्षर. म्हणजे चीनचं नाव पुसायला जे अक्षर घेतलं तेही चीनमधूनच आलेलं, आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली कल्पना आपल्या बौद्ध परंपरेतली. जुनं नाव कोरियात मात्र टिकलं. तिथल्या ‘तांग सू दो’ या प्रकाराचं नाव म्हणजे तांग-हात-मार्ग, तीच अक्षरं कोरियन उच्चारात.

आता कातांकडे येऊ. शोतोकानच्या, म्हणजे फुनाकोशींच्या शैलीच्या, वर्गात पहिला काता ‘हेयान’ मालिकेतला ‘हेयान शोदान’. वादो-र्यू या दुसऱ्या शैलीत (‘र्यू’ म्हणजे शैली) याच मालिकेला ‘पिनान’ म्हणतात. अक्षरं दोन्हीकडे तीच, अर्थ शांतता-स्वास्थ्य. ‘पिनान’ चिनीच्या जवळचा उच्चार, ‘हेयान’ जपानी. इथवर सोपं आहे, पण फुनाकोशींनी पहिल्या दोन कातांचा क्रमही उलटा केला. त्यामुळे शोतोकानचा हेयान शोदान (पहिला) म्हणजे इतरांचा पिनान निदान (दुसरा). दोन शैलींची मुलं एका स्पर्धेत आली की याच जागी घोळ होतो. ‘कुशांकू’ या काताचं नाव एका चिनी माणसाचं. १७६२च्या एका जपानी नोंदीत त्याचा उल्लेख आहे. फुनाकोशींनी ते ‘कांकू’ केलं, म्हणजे आकाश न्याहाळणं, आणि त्यातलं ‘कू’ हे वरचंच रिकामं अक्षर. नाइहांचीचं तेक्की, वान्शूचं एन्पी, चिंतोचं गांकाकू हे बदलही जुनी नावं जपानी करण्याच्या त्याच धोरणाचे.

‘शोरिन’वरून तर जास्तच गैरसमज आहेत. शाओलिन या चिनी मठाच्या नावाचं जपानी वाचन ‘शोरिन’. पण ओकिनावात शोरिन-र्यू नावाच्या एकाहून अधिक शैली आहेत आणि त्यांची अक्षरं वेगळी आहेत. क्यान यांच्या परंपरेत शाओलिनचीच अक्षरं, चिबाना चोशिन यांच्या शैलीत ‘लहान वन’, नागामिने शोशिन यांच्या शैलीत ‘पाइनचं वन’. शेवटचीला म्हणूनच ‘मात्सुबायाशी’ असंही म्हणतात. ‘शोरिन्जी केम्पो’ आणखी निराळं. ते सो दोशिन यांनी १९४७मध्ये शिकोकू बेटावरच्या तादोत्सू गावी सुरू केलं. त्यातलं ‘केम्पो’ म्हणजे चिनी ‘छ्वानफा’, मुष्टिविद्या.

हे सगळं पाहून जपानचं सगळंच चिनी म्हणू नये. जुजुत्सु ही झटापटीची जपानी युद्धकला चिन गेन्पिन या चिनी विद्वानाने १७व्या शतकात आणली असं सांगतात, पण जुजुत्सुचीच ताकेनोउची-र्यू ही शैली आपली स्थापना १५३२ची मानते.

आणि भारताबद्दल. भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या भिक्षूने शाओलिनच्या भिक्षूंना कुंग फू शिकवलं, तेच पुढे कराटे झालं, ही कथा आपल्याला प्रिय आहे. तिचा मुख्य आधार ‘यिजिन जिंग’ हा ग्रंथ. तो बोधिधर्माच्या नावावर असला तरी १७व्या शतकातला आहे, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३०च्या दशकातच या कथेतला फोलपणा दाखवून दिला. ध्यानपंथ (जपानी ‘झेन’) भारतातून चीनमार्गे जपानला गेला हे निर्विवाद. ठोसे-लाथांबद्दल तसं म्हणायला पुरावा नाही.

‘ट’ आपल्याकडे इंग्रजीतून आला. जपानी उच्चार ‘कराते’च्या जवळचा आहे, पण ‘कराटे’ मराठीत रुळलेला शब्द आहे आणि तो खुशाल लिहावा.