कमांड कोणी दिली, हे बॉटने विचारायला हवे

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात आहे. आमच्या अभ्यासगटाच्या डिस्कॉर्ड (गटांसाठीचे गप्पांचे ॲप) सर्व्हरसाठी मी पायथनमध्ये बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) लिहिला असून, कमांड दिली की तो सदस्याला रोल (ठरावीक अधिकार असलेली भूमिका) देतो. मात्र 'मॉडरेटर' हा रोल देताना, बॉटला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी असूनही, 403 (परवानगी नाकारली) ही त्रुटी येते. घरचे याला खेळ म्हणतात. यातून करिअर होऊ शकते का? (सोबत कोड जोडला आहे.)

उत्तर : आधी त्रुटीचे पाहू, कारण करिअरच्या प्रश्नाचे उत्तरही तिच्याच पोटात आहे. डिस्कॉर्डवर रोलची उतरंड असते आणि बॉटला स्वतःच्या सर्वांत वरच्या रोलपेक्षा खालचेच रोल देता येतात. ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीनेही ही अट सुटत नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बॉटचा रोल 'मॉडरेटर'च्या वर ओढून ठेवा आणि ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी काढून घ्या. या कामाला 'मॅनेज रोल्स' ही परवानगी पुरते.

मला अधिक काळजी वाटली ती तुमच्या कोडमधल्या एका उणिवेची. रोल देण्याचा अधिकार बॉटकडे आहे, पण कमांड देणाऱ्याकडे तो आहे का, हे तुमचा कोड कुठेच तपासत नाही. त्यामुळे बॉटचा रोल वर नेताच कालच आलेला सदस्यही स्वतःच्या नावाने कमांड देऊन मॉडरेटर होऊन बसेल आणि डिस्कॉर्डच्या लेखी सारे नियमानुसारच घडलेले असेल. ही चूक जुनी आहे. संगणकतज्ज्ञ नॉर्म हार्डी यांनी 1988 मध्ये तिला 'कन्फ्यूज्ड डेप्युटी' (गोंधळलेला प्रतिनिधी) असे नाव दिले. त्यांच्या उदाहरणातल्या कंपायलरला (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) बिलिंगच्या फाइलमध्ये लिहिण्याची मुभा होती. एका वापरकर्त्याने आउटपुटसाठी नेमके त्याच फाइलचे नाव दिले आणि कंपायलरने बिलांची माहिती पुसून टाकली.

म्हणून कमांड देणाऱ्याची परवानगी तपासा, त्याचा स्वतःचा रोल देऊ केलेल्या रोलपेक्षा वरचा आहे का हेही पाहा, आणि बॉटने कोणते रोल द्यायचे त्यांची यादी कोडमध्येच ठरवून यादीबाहेरच्या प्रत्येक मागणीला नकार द्या. कोणी कोणाला कोणता रोल दिला, याची नोंदही ठेवा.

व्यक्तीऐवजी भूमिकेला अधिकार जोडण्याची ही पद्धत संशोधक फेराइओलो आणि कून यांनी 1992 मध्ये औपचारिकपणे मांडली आणि आज बँका व रुग्णालयांच्या प्रणालींत ती रुळलेली आहे. तिच्याभोवती 'आयडेंटिटी अँड ॲक्सेस मॅनेजमेंट' (कोणाला काय करता येईल याचे व्यवस्थापन) हे स्वतंत्र कार्यक्षेत्र उभे आहे, आणि बॅकएंडच्या (सर्व्हरच्या बाजूच्या) कामात तर हा प्रश्न रोजचाच. तेव्हा करिअर निश्चित होऊ शकते; मात्र आत्ताच एका शाखेत स्वतःला बांधून घेऊ नका, डेटाबेस, नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम मनापासून शिका.

घरच्यांना बॉट दाखवाल तेव्हा रोल मिळतो तेवढेच दाखवू नका. साध्या सदस्याच्या खात्यावरून तीच कमांड द्या आणि बॉट नकार का देतो, ते त्यांना समजावून सांगा.