लॉन पिवळं पडलं म्हणून लगेच युरिया टाकू नका

बंगलेवाल्या मंडळींचे या पावसाळ्यात तेच तेच प्रश्न येतायत. माळी महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, खत-औषध सगळं देतो, तरी लॉन पिवळं का? मधेच वाळलेले पट्टे का? लव्हाळा हे तण कशानं जाईल? अनुदान मिळतं का? सगळ्यांना एकत्रच सांगतो.

पिवळं म्हणजे युरिया, हे आधी डोक्यातून काढा. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत हमखास दिसते, तिथं युरिया कितीही ओता काही होणार नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरभर पाण्याला 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, फक्त फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग निघत नाहीत. जुन्या पानांपासून सगळंच फिकट पडलं असेल तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे, मग द्या युरिया, पण गुंठ्याला अर्धा किलो, बस. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, बहुतेकांचं लॉन त्याच्या आतच असतं आणि माळी आणतो 45 किलोची गोणी नि मुठीनं फेकत सुटतो. वजन करून द्यायला लावा. पान कोरडं असताना पसरायचा आणि लगेच भरपूर पाणी, नाहीतर पान करपलंच म्हणून समजा. भर पावसात नको, डिसेंबर-जानेवारीत तर अजिबात नको. थंडीत हरळी काय नि कार्पेट ग्रास काय, वाढ मंदावते, रंग उतरतो, तो रोग नाही.

वाळलेल्या पट्ट्यातलं गवत हातानं ओढून बघा. चटईसारखं उचलून आलं तर खाली हुमणी ही अळी मुळं खातेय. ती बहुतेक वेळा कच्च्या शेणखतामुळे वाढते, म्हणून न कुजलेलं खत घेऊच नका. दुकानात जाऊन नुसतं "हुमणीचं दाणेदार द्या" म्हणू नका. फोरेट, म्हणजे लोक ज्याला थायमेट म्हणतात, ते 2020 अखेरपासून देशात बंद आहे, कुणी जुना माल काढून देत असेल तर घेऊ नका, नका म्हणजे नका, त्या गवतावर तुमची पोरं लोळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला ओल असताना कुजलेल्या खतात मेटारायझियम, म्हणजे हुमणी मारणारी बुरशी, मिसळून द्या, आणि त्याच्या मागेपुढे बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर तीच बुरशी मरेल.

लव्हाळा बहुतेक वेळा विकतच्या लाल मातीतूनच येतो. ग्लायफोसेट या तणनाशकानं लव्हाळ्याबरोबर लॉनही जळणार. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानाच्या तणाचं आहे, लव्हाळा त्याला दाद देत नाही, उलट वाऱ्यानं शेजारच्या द्राक्षबागेवर गेलं तर त्या शेतकऱ्याचं वर्ष वाया, नाशिककरांनी तर त्याला हातच लावू नये. पाऊस उघडल्यावर माती ओली असताना खुरप्यानं गाठीसकट काढा, पुन्हा फुटला की पुन्हा काढा.

माझं ऐकाल तर औषधाचे निम्मे पैसे वाचवा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेफावड्यानं लॉनभर भोकं पाडून चाळलेलं कंपोस्ट नि वाळू यांचा पातळ थर पसरा. एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू देऊ नका, बोथट ब्लेडनं टोकं फाटतात आणि दोन दिवसांत सगळं तपकिरी दिसतं. पाणी पहाटे, खोलवर, उन्हाळ्यातसुद्धा रोज शिंपडत बसू नका. संध्याकाळचं पाणी रात्रभर पानावर राहतं आणि बुरशी तिथंच धरते.

अनुदान बंगल्याच्या लॉनला नाही. माती परीक्षण जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत फी भरून होतं, ते करून घ्या.

आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याकडून काय टाकलं, किती टाकलं ते दर वेळी लिहून घ्या, डब्याच्या लेबलचा फोटो काढा. लेबलवर लाल त्रिकोण, म्हणजे अत्यंत विषारी औषधाची खूण, दिसला तर तो डबा गेटच्या आत येऊ देऊ नका.