दोघींचं काम एकत्र, मग एलएलपी काढायची का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही आणि मैत्रीण इंटिरियर डिझाइनचं काम करता, दोघींची फी निम्मी-निम्मी, मिळून वर्षाला 46 लाख. खर्च साधारण निम्मा. ‘एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढा, कर वाचेल’ असं ओळखीतल्या एकाने सांगितलं.

ताई, त्यांनी आकडेमोड केलेली दिसत नाही. एलएलपी असो की साधी भागीदारी, नफ्यावर पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर, त्यावर 4 टक्के सेस (उपकर). तुमच्या 23 लाख नफ्यातून आयकर कायद्याच्या कलम 40(ब) प्रमाणे भागीदारांचा मेहनताना फार तर 15.60 लाख वजा होईल, उरलेल्या 7.40 लाखांवर सुमारे 2.31 लाख कर. साधी भागीदारी करून कलम 44एडीएखाली जमेच्या ठोक 50 टक्के नफा दाखवलात तर गाडी आणखी घसरते. तिथे मेहनताना वेगळा वजा होत नाही, कर 7.18 लाखांच्या घरात जातो. एलएलपीला 44एडीए मुळात लागूच नाही.

आता दोघी स्वतंत्र व्यावसायिक राहिलात तर? प्रत्येकीची जमा 23 लाख, 44एडीएने उत्पन्न 11.50 लाख. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे कर शून्य. बँकेचं व्याज मात्र विसरू नका, 12 लाखांपर्यंत जागा फक्त 50 हजारांची आहे. (कलमं 1961 च्या कायद्यातली सांगतोय, 1 एप्रिल 2026 पासून नव्या कायद्यात क्रमांक बदलले.)

पण वेगळेपण खरं हवं. ग्राहक, करार, बिलं, बँक खातं ज्याचं त्याचं. वर्षअखेरीस नफा एकत्र करून वाटलात तर ती भागीदारीच, कागदावर काहीही लिहा. ऑफिसभाड्याचा वाटा लेखी ठरवा. आणि 44एडीए डिझाइनच्या फीपुरतं. फर्निचरचा ठेका घेतलात तर तो धंदा, त्याचा हिशेब वेगळा.

एलएलपीचा खरा फायदा जबाबदारीचा: मैत्रिणीच्या चुकीसाठी तुमचं घर पणाला लागत नाही. स्वतःच्या चुकीची जबाबदारी तिथेही सुटत नाही. आणि स्वतंत्र राहिलात तर तिच्या चुकीशी तुमचा तसाही संबंध नाही. एकाच नावाने मोठं काम घ्यायची वेळ आली, तेव्हा एलएलपीचा विचार करू.

तूर्त एक करा. दोघींची जमा 20 लाखांवर असल्याने जीएसटी नोंदणी दोघींना वेगवेगळी लागेल; ती झाल्याशिवाय आपापल्या नावाने बिल काढू नका.