मतदानाची नोंद काढून वाच

प्रिय मुली,

कॅनडातील टोरंटो शहराच्या पूर्वेकडील स्कारबरोची जुनी रेल्वे बंद पडली, नवी मेट्रो अजून आली नाही आणि केनेडी स्थानकापुढे रोज बसमध्ये उभे राहावे लागते, तर यात दोष कोणाचा, असे तू विचारले आहेस. मोठ्या शहरात असे होतच असते, असे तुझ्या मित्रांचे म्हणणे आहे. ते आपोआप होत नसते. टोरंटोच्या नगरसेवकांच्या सभागृहातील मतदानाची नोंद काढून वाच.

१९८५ साली सुरू झालेली ती रेल्वे थकली आहे, हे सर्वांना ठाऊक होते. महापौर डेव्हिड मिलर यांच्या काळात तिच्या जागी हलकी रेल्वे, म्हणजे ट्रामसारख्या गाड्या, आणण्याचे ठरले. डिसेंबर २०१० मध्ये नवे महापौर रॉब फोर्ड यांनी पदभार घेतला त्याच दिवशी ती सारी योजना मोडीत काढल्याचे जाहीर केले. २०१२ मध्ये सभागृहाने ती परत आणली आणि सात स्थानकांच्या या मार्गाचा खर्च ऑन्टारियो प्रांताचे सरकार उचलेल, असा करारही झाला. तरी ८ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच सभागृहाने २४ विरुद्ध २० मतांनी तीन स्थानकांची भुयारी मेट्रो निवडली. त्याआधी ऑगस्टमध्ये इथे प्रांताची पोटनिवडणूक झाली होती आणि सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराने मेट्रोच्याच नावाने मते मागितली होती, हे त्या आकड्यांच्या शेजारी ठेवून वाच. २०१६ मध्ये तीन स्थानकांचे एक झाले, २०१९ मध्ये प्रांताने पुन्हा तीन केली. २४ जुलै २०२३ रोजी जुन्या गाडीचा शेवटचा डबा रुळांवरून घसरला, पाच जण जखमी झाले आणि ती रेल्वे पुन्हा धावली नाही.

२०१३ मध्ये मीही मेट्रोसाठी सह्या गोळा केल्या होत्या. शहराच्या मध्याला मेट्रो आणि आमच्या वाट्याला दुय्यम गाडी का, हा प्रश्न बाहेरून येऊन इथे स्थिरावलेल्या आम्हा माणसांना फार लागत असे, आणि तो प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. पण हातातली सात स्थानके सोडताना उरलेली तीन किती घरांना पायी गाठता येतील, हे मी कोणालाही विचारले नाही. त्याची बोच जात नाही.

‘सगळे राजकारणी सारखेच’ हे वाक्य तू दोनदा लिहिले आहेस. ते खोडून टाक. वीस जणांनी विरोधात मत दिले होते आणि त्यांची नावे नोंदीत आहेत. २०१८ मध्ये वॉर्डांची संख्या ४४ वरून २५ झाली, तेव्हा तुझा जुना वॉर्ड आधी शोधावा लागेल. तो शोध, २०१३ आणि २०१६ ची नोंद काढ आणि ती घेऊनच नगरसेवकांच्या कार्यालयात जा. मी माझ्या नगरसेवकांचे मत फार उशिरा पाहिले. मी सही करून जे मागितले होते, तेच त्यांनी दिले होते.