लघुग्रहावर न उतरता, केवळ त्याच्याभोवती फिरून, तो कशाचा बनला आहे हे यानाला कसे कळते?

बडोद्याच्या सयाजीबागेतील तारांगणातून बाहेर पडताना माझ्या भाचीनेही मला हाच प्रश्न विचारला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परावर्तित सूर्यप्रकाशाच्या वर्णपटावरून खनिजे ओळखता येतात, पण मूलद्रव्यांचे प्रमाण मोजायचे असेल तर लघुग्रहातूनच बाहेर पडणारे किरण टिपावे लागतात. सूर्याकडून आलेल्या क्ष-किरणांमुळे पृष्ठभागावरील मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह यांसारखी मूलद्रव्ये आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतात. मात्र ही माहिती वरच्या एका मिलिमीटरपेक्षाही पातळ थराचीच असते. त्याहून खोल, वीस-तीस सेंटीमीटरपर्यंतची खबर गॅमा किरण आणि न्यूट्रॉन देतात, कारण वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, खडकात शिरून अणुकेंद्रकांवर आदळतात आणि त्यातून हे दोन्ही बाहेर पडतात. विशेषतः न्यूट्रॉनांच्या संख्येवरून हायड्रोजनचा अंदाज येतो, आणि हे मला फार विलक्षण वाटते.

अडचण अशी की हे संकेत अतिशय क्षीण असतात, त्यामुळे यानाला अगदी जवळून आणि महिनोन्‌महिने मोजत राहावे लागते. २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाभोवती पोहोचलेले डॉन यान यासाठीच पृष्ठभागापासून सुमारे २१० किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले, आणि त्याच्या मोजमापांतून पृथ्वीवर सापडणाऱ्या एका विशिष्ट गटातील उल्कापाषाणांशी वेस्टाचे नाते पक्के झाले. एरॉस या लघुग्रहाच्या बाबतीत तर निअर शूमेकर यानाला चांगल्या प्रतीची गॅमा निरीक्षणे १२ फेब्रुवारी २००१ रोजी तेथे उतरल्यानंतरच मिळाली.